रायझन ७ ५७००एक्स३डी: जुन्या एएम४ बोर्डावर आठ महिने

बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, डीडीआर४-३२०० ची १६ जीबी रॅम आणि १४४ हर्ट्झचा १४४०पी मॉनिटर. यातलं काहीही न बदलता फक्त एएमडीचा रायझन ५ ३६०० हा प्रोसेसर काढून त्या जागी रायझन ७ ५७००एक्स३डी बसवला. आठ महिने वापरल्यावर मत स्पष्ट आहे: एएम४ (एएमडीचं जुनं प्रोसेसर-सॉकेट) बोर्ड आधीच घरात असेल आणि संगणक मुख्यतः गेमसाठी असेल, तर या बोर्डावर याहून शहाणा बदल क्वचितच सापडेल. मात्र त्याचा उपयोग नेमका कुठे होतो हे आधी समजून घेतलं नाही, तर पैसे घालून काहीच फरक न दिसण्याचीही पूर्ण शक्यता आहे.

आकडे वाचून हा बदल उलटाच वाटतो. २०१९ च्या ३६०० चा कमाल वेग ४.२ गिगाहर्ट्झ आणि जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या ५७००एक्स३डी चा ४.१. म्हणजे वेग कमीच झाला. कोर सहाचे आठ झाले, पण बहुतेक गेमना आठ कोर पुरेपूर वापरताच येत नाहीत. खरा फरक कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या पण वेगवान मेमरीत आहे. ३६०० मध्ये एल३ कॅश ३२ एमबी असली तरी ती तीन-तीन कोरांच्या दोन गटांत १६-१६ अशी वाटलेली असते. एका कोरच्या हाताशी प्रत्यक्षात १६ एमबीच. ५७००एक्स३डी मध्ये आठही कोर एकाच गटात आहेत आणि ३२ एमबीच्या वर आणखी ६४ एमबीचा तुकडा रचलेला आहे. एकूण ९६ एमबी, आणि ती प्रत्येक कोरला पूर्ण उपलब्ध.

गेमच्या दृष्टीने याला एवढं महत्त्व का? हवी ती माहिती एल३ मध्ये सापडली तर साधारण १२ नॅनोसेकंदांत मिळते. नाही सापडली तर रॅमपर्यंत जावं लागतं आणि तिथे ७० ते ८० नॅनोसेकंद जातात. ४.१ गिगाहर्ट्झवर चालणारा कोर तेवढ्यात ३०० च्या आसपास ठोके नुसता ताटकळतो. गेममधली शेकडो पात्रं, वाहनं, वस्तू यांची माहिती मेमरीत विखुरलेली असते आणि दर फ्रेमला ती पुन्हा चाळावी लागते. म्हणून वेग किंचित कमी असूनही हा प्रोसेसर पुढे जातो: तो कमी वेळा थांबतो.

वापरात काय बदललं

सरासरी फ्रेमरेट वाढतो, पण रोज जाणवतो तो वेगळाच फायदा. समजा, ९९ फ्रेम प्रत्येकी ८ मिलिसेकंदांत तयार झाल्या आणि शंभराव्या फ्रेमला ४० लागले. सरासरी सेकंदाला १२५ फ्रेमवरून १२० वर येते; आकडा बघून कुणाला काही खटकणार नाही. पण त्या एका फ्रेमच्या वेळी १४४ हर्ट्झचा पडदा तेच चित्र लागोपाठ सहा वेळा दाखवतो आणि वळताना हाताला झटका लागल्यासारखं वाटतं. ३६०० वर गर्दीच्या ठिकाणी असे झटके सतत यायचे. फ्रेमटाइमच्या (एका फ्रेमला लागणाऱ्या वेळेच्या) आलेखावर करवतीच्या दात्यांसारखी रेघ असायची, ती आता बरीचशी सपाट झाली आहे. म्हणून हा प्रोसेसर सरासरीवरून जोखू नका. कॅपफ्रेमएक्स या मोजमापाच्या साधनात १ टक्का लो आणि ०.१ टक्का लो (सर्वांत संथ तेवढ्या टक्के फ्रेमचा फ्रेमरेट) बघा.

सर्वात जास्त फरक सिम्युलेशन प्रकारात आणि गर्दीच्या दृश्यांत पडतो. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये मोठ्या विमानतळावर उतरताना, फॅक्टोरिओमध्ये कारखाना वाढत गेल्यावर, असेटो कोर्सा कॉम्पिटिझिओनेमध्ये भरल्या ग्रिडच्या सुरुवातीला, बाल्डर्स गेट ३ च्या तिसऱ्या अंकातल्या शहरात. काउंटर-स्ट्राइक २ मध्येही, कारण तिथे सेटिंग्ज खाली ठेवून खेळतात आणि सगळा भार प्रोसेसरवर येतो.

काय बदललं नाही, तेही सांगायला हवं. ४के रिझोल्यूशनवर, सगळी सेटिंग्ज कमाल ठेवून, ग्राफिक्स कार्ड ९८-९९ टक्के भरलेलं असेल तर जवळपास शून्य फरक. शेडर (ग्राफिक्स कार्डासाठीचे छोटे प्रोग्राम) तयार होताना बसणारे झटके थोडे आखूड होतात, जात नाहीत. तो गेमच्या बांधणीतला दोष आहे, कुठलाच प्रोसेसर तो पूर्ण झाकू शकत नाही. ब्लेंडरचं रेंडरिंग किंवा व्हिडिओ एन्कोडिंग हेच मुख्य काम असेल तर साधा ५७००एक्स जास्त वेगाने चालतो, कारण तिथे कॅशपेक्षा गिगाहर्ट्झ कामी येतात.

घेण्याआधी ही चाचणी करा

टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ४० टक्केच दिसतोय, म्हणजे अडचण त्याची नाही, हा सर्वांत पसरलेला गैरसमज. ३६०० च्या बारा थ्रेडपैकी (एकाच वेळी चालू शकणाऱ्या कामांपैकी) एकच पूर्ण भरलेला असला तरी एकूण आकडा छोटाच दिसतो. खरी खूण ग्राफिक्स कार्डच्या वापरात असते. व्ही-सिंक (फ्रेमरेट पडद्याच्या वेगाशी बांधणारं सेटिंग) आणि फ्रेमची मर्यादा आधी बंद करा. ती चालू असेल तर पुढचं सगळं मोजमाप फुकट. आफ्टरबर्नर या मोफत साधनाने कार्डाचा वापर पडद्यावर आणा आणि गेममधल्या सर्वांत गर्दीच्या जागी उभे राहा. आता रिझोल्यूशन १२८० बाय ७२० करा. फ्रेमरेट भरपूर उसळला तर अडचण कार्डाची होती. जागचा हलला नाही आणि कार्डाचा वापर ५०-६० टक्क्यांवर घसरला, तर प्रोसेसर (किंवा रॅम) अडवतोय. गर्दीची घनता, दृश्याचं अंतर आणि रे ट्रेसिंग ही सेटिंग्ज प्रोसेसरवरही भार टाकतात. ती उतरवून फरक पडतोय का, हेही याच वेळी पाहून घ्या.

खरेदी करताना नाव पूर्ण वाचा. रायझन ७ ५७००, ५७००जी, ५७००एक्स आणि ५७००एक्स३डी ही चार वेगळी उत्पादनं आहेत आणि त्यांची एल३ कॅश अनुक्रमे १६, १६, ३२ आणि ९६ एमबी आहे. साधा ५७०० स्वस्त दिसतो म्हणून उचलू नका. गेमसाठी तो पुष्कळदा सहा कोरांच्या ५६०० च्याही मागे पडतो.

बायोस आणि तो काळा पडदा

बोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवर प्रोसेसरची सपोर्ट यादी असते. त्यात ५७००एक्स३डी आहे का आणि त्यासाठी किमान कुठली बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) आवृत्ती लागते ते पाहा. बायोस जुना प्रोसेसर बसलेला असतानाच अद्ययावत करायचा. नवा आधी बसवला तर पंखे फिरतील, पडदा काळाच राहील, आणि अनेक जण इथे प्रोसेसरच खराब निघाला असं धरून तो परत पाठवतात. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा, फाइल झिपमधून बाहेर काढून ठेवा, आणि बायोसची आवृत्ती खूप जुनी असेल तर मधली एखादी आधी टाकावी लागते का, हे त्याच पानावरच्या सूचनांत वाचा.

अद्ययावत झाल्यावर सगळी सेटिंग्ज मूळपदावर जातात. एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग) बंद होतं आणि ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर धावू लागते. "अपग्रेड करूनही काहीच फरक नाही" या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच कारण निघतं.

विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (ड्राइव्हवरची माहिती कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू असेल तर प्रोसेसर काढण्याआधी ते बंद करा, किमान स्थगित करा, आणि ४८ अंकी रिकव्हरी की दुसरीकडे लिहून ठेवा. एफटीपीएम (प्रोसेसरमधली सुरक्षा-किल्ल्यांची तिजोरी) चालू असेल तर नवा प्रोसेसर बसवल्यावर पहिल्याच बूटला काळ्या पडद्यावर संदेश येतो: नवीन सीपीयू बसवला आहे, एफटीपीएम रीसेट करण्यासाठी वाय दाबा, जुनी नोंद ठेवण्यासाठी एन. एन्क्रिप्शन नसेल किंवा की हाताशी असेल तर वाय दाबून पुढे जा. की नसताना वाय दाबलं, तर ड्राइव्हवरचा मजकूर कुलूपबंद राहू शकतो. विंडोज नव्याने टाकायची गरज नाही. बोर्ड तोच असल्याने ॲक्टिव्हेशनही सहसा टिकतं. चिपसेट ड्रायव्हर मात्र नवा घ्या.

कूलर काढताना

एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, १३३१, आणि सॉकेटवर वरून दाबून धरणारी चौकट नसते. मधली सुकलेली उष्णतावाहक पेस्ट कूलरला प्रोसेसरशी चिकटवून ठेवते. कूलर सरळ वर ओढला तर सॉकेटचा खटका बंद असूनही प्रोसेसर सॉकेटमधून उपटून त्याच्याबरोबर येतो आणि पिना वाकतात. त्यामुळे आधी दहा-पंधरा मिनिटं एखादा जड गेम चालवून पेस्ट गरम आणि मऊ होऊ द्या. मग बंद करा, वीजपुरवठ्याचा खटका पाडा, स्क्रू सैल करा आणि कूलर न कलवता बरणीच्या झाकणासारखा डावी-उजवीकडे हलकेच फिरवत राहा. काही क्षणांनी तो घसरायला लागतो. पेस्टने पकड सोडली की मगच उचला.

३६०० सोबतचा कूलर चार स्प्रिंगवाल्या स्क्रूंनी थेट मागच्या पट्टीला धरलेला असतो. शेवटचा स्क्रू सुटला की ती पट्टी बोर्डामागे गळून पडते. एक हात मागे ठेवा किंवा आधीच चिकटपट्टी लावा. नवा प्रोसेसर बसवताना कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा, सॉकेटचा खटका वर ठेवा आणि प्रोसेसर नुसता सोडा. तो स्वतःच्या वजनाने आत बसतो. दाबावं लागतंय म्हणजे एखादी पिन वाकडी आहे, ०.५ किंवा ०.७ मिलिमीटरच्या रिकाम्या मेकॅनिकल पेन्सिलचं टोक तिच्यावर सरकवून ती हळूहळू सरळ होते.

उष्णता

खोक्यात कूलर येत नाही आणि ३६०० सोबतचा छोटा कूलर याला पुरत नाही. चार हीट पाइप आणि १२० मिलिमीटर पंख्याचा साधा टॉवर गेमसाठी पुरेसा आहे. पाण्याच्या कूलरची काही गरज नाही. गेममध्ये ६५ ते ७५ अंश दिसले तर घाबरू नका. यात कॅशचा तुकडा आणि कोरांवरचा कोऱ्या सिलिकॉनचा थर उष्णतेच्या वाटेत येतो, त्यामुळे तापमान क्षणात दहा-पंधरा अंश उडी मारतं. मर्यादा ९० अंशांची आहे. (९८००एक्स३डी मध्ये कॅश कोरांच्या खाली नेली, ती याच कारणासाठी.) या उड्यांमागे पंखा सारखा वर-खाली घोंघावतो, हाच रोजच्या वापरातला सर्वांत मोठा त्रास. बायोसमध्ये पंख्याच्या प्रतिसादाला तीनेक सेकंदांचा विलंब द्या आणि ७० अंशांपर्यंत पंख्याच्या वेगाची रेघ जवळपास सपाट ठेवा. आवाज नाहीसा होतो.

व्होल्टेज थोडं उतरवलं तर आणखी काही अंश वाचतात. अनेक बोर्डांच्या बायोसमध्ये एक्स३डी साठी कर्व्ह ऑप्टिमायझर (कोरांचं व्होल्टेज पायरीपायरीने उतरवणारं सेटिंग) दिसतच नाही. तेव्हा पीबीओ२ ट्यूनर नावाचं छोटं साधन वापरतात. थेट उणे ३० न टाकता उणे १५ पासून सुरू करा. संगणक रीस्टार्ट झाला की हे सेटिंग पुसलं जातं, म्हणून टास्क शेड्युलरमध्ये लॉगिनला आणि स्लीपमधून उठल्यावर चालेल असं लावावं लागतं. अस्थिरता जड गेममध्ये सहसा दिसत नाही. ती दिसते संगणक नुसता पडून असताना किंवा ब्राउझर उघडताना, अचानक रीस्टार्टच्या रूपात. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरची (हार्डवेअरच्या चुकीची) नोंद आली तर आकडा पाचने मागे घ्या. कोरसायकलर या चाचणी-साधनाने एकेक कोर तपासला तर नेमका नाजूक कोर सापडतो.

रॅमवर जास्त खर्च करू नका. मोठ्या कॅशमुळे ३२०० आणि ३६०० मधला फरक इथे नगण्य होतो; दोन कांड्या दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये असल्या की झालं. १६ जीबी मात्र आता अपुरी वाटते. बी४५० वर ग्राफिक्स कार्ड जोडणारं पीसीआयई ३.० च मिळतं, प्रोसेसर कुठलाही असो. आठच लेनचं (जोडमार्गांचं) कार्ड असेल आणि त्याची व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) भरून वाहू लागली, तर हा प्रोसेसर काही मदत करू शकत नाही.

बोर्ड आणि रॅम नव्यानेच घ्यायची असेल, तर एएम४ कडे वळू नका. ७८००एक्स३डी किंवा ९८००एक्स३डी घ्या आणि पुढे त्याच एएम५ सॉकेटवर बदल करायची सोय ठेवा. आणि काढलेला ३६०० लगेच विकू नका. नव्याच्या प्लास्टिक कवचात पिना मोकळ्या राहतील असा ठेवा. कधी पडदा काळा राहिलाच, तर दोष बोर्डाचा की प्रोसेसरचा, हे दहा मिनिटांत सांगणारी घरातली दुसरी वस्तू नाही.