माझी दोन बाळंतपणं: एक खासगीत, एक सरकारीत

खासगी इस्पितळात स्वतंत्र खोली होती, आई उशाशी होती. पण बाळ बाहेर येताना योनीमार्गाजवळ छेद दिला, तेव्हा मला कुणी विचारलं नाही. टाके किती, तेही सांगितलं नाही. ते अजून सलतं.

सरकारीत खाटेला खाट लागलेली, आई दाराबाहेर. तरी रात्रपाळीच्या नर्सबाई कंबर चोळून द्यायच्या आणि प्रत्येक तपासणीआधी विचारायच्या, "बाय, आता हात लावू?" त्या एका प्रश्नानं अर्धी भीती गेली.

खर्चाचं म्हणाल तर, २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे सरकारीत सिझेरियनसुद्धा मोफत, औषधं-जेवणासकट. प्रसूतिसेवा सुधारण्यासाठीच्या सरकारी 'लक्ष्य' कार्यक्रमात प्रसूतिकक्षात सोबतीण ठेवण्याची तरतूद आहे. नाव घालतानाच विचारा. मी पुन्हा सरकारीतच जाईन, पण आईला आत घेऊन.