नाव वेगळं दिसलं होतं, तरी ४,८६,५०० रुपये पाठवले

मुलुंडमधली ४२ घरांची सोसायटी. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, पावसाच्या आत उरकायचं. कंत्राटदार खरा, काम खरं, मेल तेवढा खोटा. ‘जुन्या खात्याचं ऑडिट चालू आहे, दुसरा हप्ता सोबतच्या नव्या खात्यात भरा.’ पुढचं सांगायला नको. शुक्रवारी संध्याकाळी ६.१० ला आरटीजीएसने ४,८६,५०० रुपये गेले. उजाडला तो दुसरा शनिवार, बँका बंद. वारसुद्धा बघून धरला होता.

आता जे सांगायला लाज वाटते ते. खजिनदारांनी नेटबँकिंगमध्ये नवं खातं जोडलं, तेव्हा स्क्रीनवर खातेदाराचं नाव आलं होतं. एनईएफटी-आरटीजीएसला ही सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत द्या, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं होतं, कारण पैसे खाते क्रमांकावर जमा होतात, आपण टाइप केलेलं नाव कोणी जुळवून पाहत नाही. नाव होतं कुठल्याशा ट्रेडर्सचं. खजिनदारांनी ६.०२ ला स्क्रीनशॉट कमिटीच्या ग्रुपवर टाकला. ‘मालकाच्या मेव्हण्याची फर्म असेल,’ असं उत्तर आलं. सेक्रेटरींनी अंगठा दाखवला, अध्यक्षांनी मंजुरीचा ओटीपी टाकला. सात जणांनी ते नाव वाचलं, त्यातले दोघे आयटीतले. आठ मिनिटांत एकालाही कंत्राटदाराला फोन लावावासा वाटला नाही.

अगदीच दूधखुळे होतो असंही नाही. मेलमध्ये वर्क ऑर्डरचा नंबर बरोबर, गच्चीचे चौरस फूट बरोबर, हप्ता रुपयापर्यंत बरोबर. आतल्या माणसाशिवाय हे कुणाला कळणार, म्हणून दोन दिवस वॉचमन आणि सुपरवायझरवर संशय घेतला. त्यांची माफी मागावी लागली. कारण गूगलवर सोसायटीचं नाव अवतरणचिन्हात टाकून पुढे ‘फाइलटाइप:पीडीएफ’ लिहिलं (हे अर्थात इंग्रजीत), तर दुसऱ्या क्रमांकाचाच निकाल आमच्या वार्षिक सभेच्या इतिवृत्ताचा. आम्हीच सोसायटीच्या वेबसाइटवर चढवलेला. त्यात ठराव, हप्त्यांचं वेळापत्रक, खजिनदारांचा मोबाइल आणि सह्या. कंत्राटदाराच्या इन्स्टाग्रामवर आमच्या गच्चीचा फोटो, इमारतीच्या नावासकट. साइट इंजिनिअरचा लिंक्डइनवरचा फोटो चोराच्या व्हॉट्सॲपच्या डीपीला. घरफोडी नाहीच, दार आम्हीच सताड उघडं ठेवलं होतं. स्वतःच्या सोसायटीचा, दुकानाचा, ट्रस्टचा असा शोध आजच घ्या. आणि लॉगिन न करता, नाहीतर फेसबुकवर परक्याला काय दिसतं ते कळणार नाही.

चोराने जशी उघडी माहिती वापरली तशीच आम्हालाही वाचवू शकली असती, याचा संताप जास्त आहे. मेलच्या पत्त्यात इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारीशेजारी होते. मोबाइलवर ते दिसतच नाही, तिथे पत्ता दिसतो कुठे, नुसतं नाव. पैशांचे मेल कंप्युटरवरच उघडा. ते डोमेन, म्हणजे पत्त्यातला ‘@’ नंतरचा भाग, डोमेनचा कारभार बघणाऱ्या आयकॅन संस्थेच्या लुकअप पानावर टाकलं, तर नोंदणी नऊ दिवसांपूर्वीची. अठरा वर्षं जुन्या कंपनीचं डोमेन नऊ दिवसांचं! विषयाच्या ओळीत ‘आरई:’ होतं, म्हणजे आधीच्या मेलला उत्तर असल्याची खूण, पण खाली मागचा एकही मेल नव्हता.

जीमेलच्या ‘शो ओरिजिनल’मध्ये एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या पाठवणाऱ्याचं डोमेन तपासणाऱ्या तिन्ही चाचण्यांपुढे ‘पास’. आमच्यातला एक आयटीवाला हे बघूनच निर्धास्त झाला होता. ‘पास’ म्हणजे मेल त्या डोमेनवरूनच आला, एवढंच. डोमेनच चोराचं असेल तर ‘पास’ होणारच.

मेलसोबतच्या बिलावरचा जीएसटी नंबर खरा होता, जुन्या बिलावरून उचललेला. त्यामुळे जीएसटीच्या पोर्टलवर शोधलं असतं तर कंत्राटदाराचंच नाव आलं असतं आणि आम्ही आणखी निवांत झालो असतो. तिथलं नाव खातेदाराच्या नावाशी ताडायचं असतं. आयएफएससीची शेवटची सहा अक्षरं किंवा आकडे शाखा सांगतात; कंत्राटदाराचं ऑफिस कुर्ल्याला, शाखा निघाली परराज्यात. मेलमधल्या नंबरला ट्रूकॉलरवर नाव कंपनीचं दिसत होतं, पण तिथे कोणीही हवं ते नाव लावून घेतो. आणि ती ‘एक रुपया पाठवून बघा’ची पद्धत सोडा. रुपया चोरालाच मिळतो, आणि ‘मिळाला’ हेही तोच कळवतो. करारावर छापलेल्या नंबरवर स्वतः फोन लावायचा. मेलमधल्या नंबरवर नव्हे.

शनिवारी ११ वाजता खऱ्या कंत्राटदाराचा ‘हप्त्याचं काय झालं?’ म्हणून फोन आला तेव्हा उलगडा झाला. सतरा तास गेले होते. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर बाराव्या प्रयत्नात माणूस भेटला. बँकेच्या कस्टमर केअरने सांगितलं, व्यवहार तुम्हीच मंजूर केलाय, सोमवारी शाखेत जा. शाखेने सांगितलं, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस ठाण्यात म्हणाले, सायबरला जा. सायबरमध्ये म्हणाले, पोर्टलवर तक्रार केलीत ना, मग झालं, मेसेज येईल. झालं काय? पोर्टलचा पोचक्रमांक म्हणजे एफआयआर नव्हे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते. कलमाची प्रिंट टेबलावर ठेवली तेव्हा उत्तर आलं, साहेब बंदोबस्ताला गेलेत. आयटी कायद्यातल्या गुन्ह्याचा तपास निरीक्षकाच्या खालचा अधिकारी करू शकत नाही, म्हणून परत या. चार खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला नवा हवालदार, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच: ‘एवढे शिकलेले असून पाठवलेत कसे?’ बँकेच्या उत्तराची तीस दिवस वाट पाहिल्याशिवाय रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येत नाही, ते दिवस मोजणं चालू आहे.

पैसे पुढच्या खात्यांत फुटले होते. गोठवले गेले ६१,२४० रुपये, आणि तेही कोर्टाच्या आदेशाशिवाय परत मिळत नाहीत.

इतिवृत्त वेबसाइटवरून काढलं, पण गूगलच्या निकालात त्याचा मथळा अजून दिसतो. गच्चीवर निळी ताडपत्री आहे. खऱ्या कंत्राटदाराचा हप्ता द्यायचाच आहे, घरामागे ११,५८३ रुपये ३३ पैसे. मेव्हण्याची फर्म असेल असं लिहिणाऱ्याने तो मेसेज डिलीट केलाय, स्क्रीनशॉट सगळ्यांकडे आहे.