हिरवा चहा: दिवाळीपासून नवतपापर्यंतचा अनुभव

दिवाळीनंतर सुरू केलेला ग्रीन टी आता नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते तापते नऊ दिवस, लागला तरी घरात टिकून आहे, म्हणून लिहायला हरकत नाही. वजनाचं आधीच सांगते: पाकिटावर काहीही छापलेलं असो, आमच्या काट्यावर फरक दिसला नाही. चवीसाठी प्यायचा असेल तरच पुढे वाचा.

सुरुवात टी-बॅगपासून झाली. कोणत्या कंपनीच्या ते सांगत नाही, कारण गोष्ट एका कंपनीची नाही. पिशवी फाडून ताटलीत ओतली तर आत चुरा आणि भुकटी निघते. चुऱ्याचा कडवटपणा पाण्यात पटकन उतरतो, वास मात्र बेताचाच. सासूबाईंनी एक घोट घेऊन विचारलं, "काहून वो, हे कडुनिंबाचं पाणी पिऊन राहिली तू?"

मग सुट्या पानांचा कांगडा ग्रीन टी मागवला. हिमाचलातल्या या चहाला 2005 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, तिथली झुडपं बहुतेक चिनी जातीची. पुढे जपानी सेंचाही आणून पाहिला. जपानात पाला वाफवतात, चीनमध्ये बहुधा कढईत परततात. हेतू एकच, पान काळं पडू द्यायचं नाही. वाफवलेल्याला ओल्या गवताचा, किंचित समुद्राचा वास येतो. आमच्या घरी तो कुणालाच रुचला नाही. कांगड्याचा हलका, फुलासारखा वास सगळ्यांना चालला.

पण खरा फरक पाण्याने पडतो, ब्रँडने नाही. आपल्याकडे चहा म्हणजे खळखळ उकळणं, आणि इथे नेमकं तेच नको. उकळत्या पाण्यात कॅटेचिन, म्हणजे पानातली तुरट द्रव्यं, भराभर उतरतात, तोंड तुरट होतं. साधारण 80 अंश पुरे. थर्मामीटर कशाला हवा? तीन भाग उकळतं पाणी आणि एक भाग माठातलं, झालं 80च्या आसपास. कपाला दोन ग्रॅम पानं. मोठी पानं चमच्यावर नीट बसत नाहीत, त्यामुळे आठवडाभर तरी काट्यावर मोजा, मग हाताला अंदाज येतो. दोन मिनिटांत गाळायचंच. पानं फेकू नका, दुसऱ्या पाण्याला मला तर जास्त गोडवा लागतो. 100 ग्रॅमच्या पाकिटात पन्नास कप, दुसरं पाणी धरलं तर शंभर. या हिशेबात सुटा चहा महाग वाटत नाही.

काचेच्या ग्लासात करून पाहा एकदा. आधी सगळी पानं वर तरंगतात, मग एकेक पान फुगून तिरपं होतं आणि हळूहळू तळाला बसतं. कळी आणि दोन पानं जोडलेली अख्खी डहाळी दिसली की माल चांगला समजायचा.

बोअरचं पाणी अजिबात वापरू नका. आमच्या सोसायटीत दोन्ही पाणी येतं. बोअरच्या जड पाण्यातला चहा गढूळ होतो, थंड झाल्यावर वर तेलकट दिसणारा पापुद्रा धरतो. नळाचं पाणी गाळून घेतलं की रंग पिवळसर हिरवा, स्वच्छ येतो.

नागपूरच्या उन्हाळ्यात पारा 45 गाठतो तेव्हा गरम चहाचं नावही नको वाटतं. तेव्हा लिटरभर पाण्यात आठ-दहा ग्रॅम पानं टाकून बाटली रात्रभर फ्रीजमध्ये ठेवते. थंड पाण्यात कडूपणा आणि कॅफीन कमी उतरतं, त्यामुळे साखर लागतच नाही. वर लिंबाची फोड. एप्रिलपासून घरात हाच खपतोय, सासूबाईसुद्धा पितात. फक्त त्याला चहा म्हणत नाहीत.

दोन गोष्टी जपायच्या. जेवणाबरोबर घेऊ नका, चहामुळे अन्नातलं लोह अंगी कमी लागतं. आणि कॅफीन यातही असतं, त्यामुळे ज्यांची झोप सावध आहे त्यांनी संध्याकाळनंतर टाळावा.

तर्री पोह्यांवर मात्र आल्याचा दुधाचा चहाच हवा, तिथे याचं काम नाही.

डबा घट्ट झाकणाचा, आतलं दिसणार नाही असा घ्या, आणि मसाल्याच्या फडताळापासून दूर ठेवा. हा पाला शेजारचा वास लगेच ओढतो. पाऊस सुरू झाला की मी मोठं पाकीट घेणार नाही, 50 ग्रॅमचंच मागवीन. या खेपेला नीलगिरीच्या डोंगरातला पाहायचा विचार आहे.