ब्लेंडर, आठ महिन्यांनंतर: एफ-३ सापडलं म्हणून टिकलो

गणपतीच्या मखरांची डिझाइनं मी आधी कागदावरच काढायचो. गेले आठ महिने ब्लेंडरवर, म्हणजे संगणकावर थ्रीडी आकार घडवायच्या सॉफ्टवेअरवर, काढतोय. फुकट आहे, २००२ पासून मुक्तस्रोत (म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला) आहे, आणि आत इतकं भरलंय की मला त्यातलं पावशेरही लागत नाही. अडचण तीच. आत काय काय आहे, ते कळायचं कसं?

पहिल्याच आठवड्यात चुकून एच दाबलं आणि अख्खी कमान गायब. उडाली समजून रात्री पुन्हा पहिल्यापासून काढली. ती नुसती लपली होती, ऑल्ट-एच दाबलं की परत येते. उजवीकडच्या यादीत तिच्या नावापुढचा डोळा मिटलेला दिसत होता, पण तिकडे बघायचं असतं हे कुणाला ठाऊक!

मग एफ-३ ही शोधायची कळ सापडली. दाबायचं, हवं ते टाइप करायचं. २०२० च्या २.९० आवृत्तीपासून हा शोध मेनूंमधून होतो, त्यामुळे ती गोष्ट कुठल्या मेनूत राहते तेही दिसतं आणि शेजारी शॉर्टकटही. चार-पाच वेळा शोधलं की बोट आपोआप थेट त्या कळीवर जातं. शोधता शोधता शिकवणी होते, मला हे फार आवडलं.

पण शोधायला नाव माहीत हवं. साधा ठोकळा एस दाबून लांब खेचला, फळी केली, कडा गोल करायला बेव्हल लावला, तर एका बाजूची गोलाई रुंद, दुसरीची चिंचोळी. आता काय टाइप करणार? ‘वाकडं का येतंय’? दोन दिवस बेव्हलचेच आकडे खालीवर करत बसलो. शेवटी भाचा म्हणाला, ‘मामा, आधी कंट्रोल-ए, मग स्केल.’ खेचलेलं माप पक्कं करायचं असतं, नाहीतर गोलाईही ठोकळ्यासोबत खेचली जाते, एवढंच.

तळाच्या पट्टीत माउसचं कुठलं बटण आत्ता काय करेल ते लिहून येतं. चाकूचं हत्यार घेतलं की तिथला मजकूर बदलतो. अक्षर बारीक, मला तिसऱ्या महिन्यात दिसलं. नव्या माणसाने आधी तिथेच बघावं.

नेहमी लागणाऱ्या गोष्टीवर उजवं क्लिक करून ती क्विक फेव्हरिट्समध्ये टाकता येते, मग क्यू दाबलं की समोर हजर. माझ्या यादीत सहा आहेत. पहिली अप्लाय स्केल, म्हणजे भाच्याने सांगितलेली तीच.