वेबवरची फाइल जोडायची आहे: शीट्स, पॉवर बीआय की डकडीबी?

वेबवरच्या फाइलमधला डेटा थेट वापरायची ही तीन साधनं: गूगल शीट्स, पॉवर बीआय (मायक्रोसॉफ्टचं रिपोर्ट बनवायचं साधन) आणि डकडीबी (आपल्याच संगणकावर चालणारा डेटाबेस). साधन निवडण्याआधी फाइलची लिंक ब्राउझरच्या इनकॉग्निटो विंडोत उघडून पाहा. फाइल डाउनलोड झाली किंवा नुसता मजकूर दिसला तर लिंक बरोबर आहे. गिटहबचं (कोड आणि फाइली ठेवायची साइट) पान किंवा ड्राइव्हचा प्रीव्ह्यू उघडला, तर हातात फक्त पानाची लिंक आहे. अशा लिंकवर तिन्ही साधनं अडतात आणि दोष विनाकारण साधनाला दिला जातो. गिटहबवर 'रॉ' बटणामागची लिंक घ्यायची.

फाइल छोटी, सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) आणि सगळ्यांना खुली असेल, तर गूगल शीट्स पुरतं. अमेरिकेची भूगर्भ सर्वेक्षण संस्था, यूएसजीएस, 4.5 आणि त्याहून मोठ्या भूकंपांची महिनाभराची सीएसव्ही देते. एका सेलमध्ये इम्पोर्टडेटा हे फंक्शन लिहून लिंक दिली की तक्ता हजर, आणि साधारण तासाला तो आपोआप ताजा होतो. वेळ मात्र यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळ) आणि मजकूर म्हणून येते. भारतीय वेळेसाठी ती तारखेत बदलून 5 तास 30 मिनिटं मिळवावी लागतात. लॉगिनमागची फाइल इम्पोर्टडेटाला उघडता येत नाही.

ऑफिसची फाइल शेअरपॉइंटवर (मायक्रोसॉफ्टची ऑफिससाठीची फाइल-साठवण) असेल, तर मी पॉवर बीआयच सुचवेन. 'गेट डेटा'मधून 'वेब' निवडा, फाइलचा पाथ द्या (शेवटी 'वेब=1' असेल तर प्रश्नचिन्हासकट काढा) आणि ऑफिसच्या खात्याने साइन इन करा. मराठी नावं असतील तर एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) 65001, म्हणजे यूटीएफ-8 आहे ना, हे तिथेच तपासा. नाहीतर देवनागरीचा चुराडा होतो. प्रो या सशुल्क लायसन्सवर दिवसाला 8 वेळा शेड्यूल्ड रिफ्रेश, म्हणजे ठरल्या वेळी डेटा आपोआप ताजा होणं, मिळतं, पण रिपोर्ट पाहणाऱ्यालाही सहसा प्रो लागतं. डेस्कटॉप अ‍ॅप फक्त विंडोजवर चालतं.

पॉवर बीआयची एक अडचण आधीच माहीत असलेली बरी. दर महिन्याला बदलणारी लिंक तुकडे जोडून बनवली, तर डेस्कटॉपवर सगळं सुरळीत चालतं आणि रिपोर्ट ऑनलाइन सेवेत पब्लिश केल्यावर रिफ्रेश नाकारला जातो. लिंक उघडणाऱ्या वेब डॉट कंटेंट्स या फंक्शनमध्ये मूळ पत्ता कायम ठेवून बदलता भाग त्याच्याच रिलेटिव्हपाथ या पर्यायात टाकला की काम होतं.

न्यूयॉर्कच्या टॅक्सी आयोगाच्या फाइली अशाच, महिन्याला एक. जानेवारी 2023 च्या पिवळ्या टॅक्सींच्या एकाच फाइलमध्ये 30 लाखांहून जास्त फेऱ्या आणि 19 कॉलम आहेत. शीट्सची मर्यादा 1 कोटी सेलची, शिवाय फाइल पार्केमध्ये (डेटा कॉलमवार साठवणारा फाइल-प्रकार), जी इम्पोर्टडेटाला वाचताच येत नाही. इथे डकडीबीला तोड नाही. एचटीटीपीएफएस या जोडभागामुळे लिंक थेट क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) लिहिता येते. पार्के फाइलच्या शेवटी कोणता कॉलम कुठे आहे याचा नकाशा असतो; डकडीबी तो आधी वाचतं आणि हवे तेवढेच कॉलम नेटवरून आणतं. भाडं आणि अंतर एवढंच हवं असेल तर बाकीचे 17 कॉलम डाउनलोडच होत नाहीत. सर्व्हरने फाइलचे तुकडे द्यायला मात्र हवेत. सीएसव्हीला हा फायदा नाही, ती बहुतेक पूर्णच ओढावी लागते.

डकडीबी फुकट आहे, मॅक आणि लिनक्सवरही चालतं. मात्र एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, यायला हवी, आणि साहेबांना दाखवायचा डॅशबोर्ड त्यात मिळत नाही. तेव्हा मोठ्या फाइलचा सारांश डकडीबीत काढून छोटी सीएसव्ही करा आणि तक्ते शीट्स किंवा पॉवर बीआयमध्ये मांडा.