टागो मागो: दोन रेकॉर्डी की एक सीडी?

जर्मन रॉक बँड कॅनचा ‘टागो मागो’ हा अल्बम घ्यायचाच असं ठरलं असेल, तर प्रश्न एवढाच उरतो: दोन रेकॉर्डींचा जोड घ्यायचा की सीडी? माझ्याकडे दोन्ही आहेत. जर्मनीत कोलोनला नोकरीला होतो तेव्हा तिथल्या जुन्या बाजारात रेकॉर्डी मिळाल्या. सीडी पुण्याला परतल्यावर बऱ्याच वर्षांनी घेतली.

आधी रेकॉर्डींची बाजू मांडतो, कारण ती भक्कम आहे. कोलोनजवळ नॉर्व्हेनिखच्या जुन्या वाड्यात ही मंडळी तासन्‌तास वाजवत बसायची, बास वाजवणारा होल्गर त्सुकाय ते टेपवर धरायचा आणि मग फिती कापून-जोडून त्यातून गाणी काढायचा. १९७१ साली ते सगळं चार बाजूंवर बसवलं गेलं, आणि प्रत्येक बाजूचा स्वभाव वेगळा आहे. पहिलीवर तीन गाणी. दुसरीवर एकटं ‘हालेलुवा’, साडेअठरा मिनिटं. ड्रमर याकी लिबेत्साइट एकच ठेका धरतो आणि सोडत नाही. रेकॉर्डवर तो ठोका छातीत बसतो, सीडीवर कानापाशी थांबतो, निदान माझ्या घरी तरी. तुमचा प्लेअर आणि स्पीकर वेगळे असतील, तर फरक कदाचित इतका जाणवणार नाही.

पावसाळ्यात कव्हरांना ओल धरते, ती जपावी लागतात. पण ते सगळ्याच रेकॉर्डींचं आहे, त्यासाठी कोणी निर्णय फिरवू नये.

माझा निर्णय फिरला तो वेगळ्याच गोष्टीनं. परवा बऱ्याच वर्षांनी दोन्ही रेकॉर्डी काढून खिडकीच्या उजेडात तिरप्या धरल्या. पहिलीवर बारीक चरे, ‘पेपरहाउस’च्या सुरुवातीला तर सुई ठेवून ठेवून पांढुरका पट्टा पडलेला. दुसरी मात्र कोरी करकरीत. ‘हालेलुवा’ संपलं की उठायचं, रेकॉर्ड आत घालायची, दुसरी काढायची, पुसायची. तेवढ्या वेळात मन म्हणायचं, आता पुरे. असं कितीतरी वर्षं चाललं. अर्धा अल्बम मी जवळजवळ ऐकलाच नव्हता, आणि तो मला पाठ आहे असं समजत होतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सीडीवर सगळी ७३ मिनिटं एका दमात येतात. ‘हालेलुवा’ विरलं की उठायला सवडच मिळत नाही, ‘औम्ग्न’ सुरू होतं. कीबोर्ड वाजवणाऱ्या इर्मिन श्मिटचा ताणलेला आवाज, गुहेतून यावा तसा. पहिल्यांदा हात रिमोटकडे जाईल. जाऊ देऊ नका. सतरा मिनिटांच्या त्या अंधारात शेवटी लिबेत्साइटचे ड्रम उसळतात, तेव्हा आपण इतका वेळ कशाची वाट बघत होतो ते कळतं. पुढे ‘पेकिंग ओ’मध्ये गायक दामो सुझुकी शब्दांचा नुसता भुगा करतो. आणि मग, साधारण ६६ मिनिटांनंतर, ‘ब्रिंग मी कॉफी ऑर टी’.

हे गाणं मी रेकॉर्डवर नेमकी सुई ठेवून दोन-चारदा ऐकलं होतं. गोड वाटलं होतं, त्यापलीकडे काही नाही. त्यातून ते चौथ्या बाजूच्या अगदी आतल्या टोकाला आहे, तिथे आवाज थोडा दबतो आणि हळू जागांवर खरखर वर येते. सीडीवर ते वादळानंतर येतं, स्वच्छ येतं. सगळं असं सलग ऐकलं त्या रात्री ते संपल्यावर मी बराच वेळ दिवा लावला नाही.

मोबाइलवर ऐकणाऱ्यांना एकच विनंती: गाण्यांचा क्रम मोडू नका. ‘मश्रूम’च्या शेवटी जो स्फोट होतो, त्यातूनच ‘ओ येह’चा पाऊस सुरू होतो. मध्ये दुसरं काही आलं तर दोन्ही गाणी जखमी होतात.

कव्हर हातात धरायचं सुख हवं असेल, उठून रेकॉर्ड बदलायची शिस्त अंगात असेल, तर रेकॉर्डी जरूर घ्या, पस्तावणार नाही. ती शिस्त आपल्यात आहे का, याची थोडी जरी शंका असली तरी मी सीडी सुचवेन. २०११ ची चाळीस वर्षांची आवृत्ती मिळाली तर उत्तम. तिच्यासोबतच्या दुसऱ्या सीडीवर १९७२ चं प्रत्यक्ष मैफलीतलं वादन आहे, पण ते त्याच बैठकीत लावू नका.