कवंडी शिवावी की जीज बेंडची गोधडी?

दोन्ही जुन्या कपड्यांच्या ठिगळांच्या गोधड्या: कवंडी कर्नाटकातली, जीज बेंडची अमेरिकेतली. आधी जुन्या कपड्यांचं गाठोडं सोडा. फोटोत काय आवडलं ते राहू द्या, गाठोड्यात काय निघतंय त्यावर पद्धत ठरवा.

जुन्या जीन्स, कामावरचे जाड सदरे निघाले तर अलाबामातल्या जीज बेंडची पद्धत घ्या. कापसाच्या मळ्यांवर आधी गुलाम आणि पुढे कुळं म्हणून राबलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांचं हे गाव. मिझुरी पेटवे यांनी वारलेल्या नवऱ्याचे कामाचेच कपडे जोडून १९४२ मध्ये गोधडी केली. इथे वरचा थर आधी वेगळा जोडतात, मग कापूस आणि अस्तर घालून शिवतात. ‘हाउसटॉप’ हा नमुना सोपा: मध्ये चौकोन, भोवती पट्ट्या. शिवण पाऊण सेंटिमीटर ठेवा आणि उघडून इस्त्री करा. एकाच बाजूला पाडली तर जोडावर डेनिमचा गठ्ठा होतो, मशीनची सुई मोडते. पट्टी तिरकी कापली असेल तर ती ताणते आणि कड लाटांसारखी हलते.

सुती साड्या, परकर, शर्टाचे तुकडे असतील, मशीन नसेल, तर कवंडी. ही उत्तर कन्नडातल्या यल्लापूर, हल्याळ, मुंडगोडकडच्या सिद्दी बायकांची. पोर्तुगीजांच्या गोव्यातून घाटावरच्या रानात पळालेल्या आफ्रिकी गुलामांचे वंशज त्यांच्यात आहेत. साडेपाच मीटरच्या साडीची तिपदरी घडी घातली की साधारण १.८ बाय १.१ मीटरचा पाया मिळतो. एका कोपऱ्यापासून काठ बोटभर आत दुमडत निघा. ठिगळाच्या कडा दुमडून ठेवा आणि पायासकट धावदोरा घाला. काठाकाठाने फेरी मारत मध्यावर या. जोडणं आणि भरणं एकाच टाक्यात होतं, म्हणून गोधडीची सवय असलेल्या हाताला हीच जवळची.

चूकही इथेच होते. दोरा ओढून घेतला की सगळी ढिलाई मध्याकडे सरकते आणि शेवटी तिथे फुगा येतो. तो उसवल्याशिवाय जात नाही. दर फेरीनंतर जमिनीवर पसरून तळहाताने सारखं करा. नायलॉनचं ठिगळ टाक्याखाली सरकतं, ते वगळाच. कोपऱ्यांवर त्रिकोणी घड्यांची फुलं लावायला विसरू नका. सिद्दी बायकांच्या लेखी त्यांच्याशिवाय कवंडी नागडी.

गाठोड्यात दोन्ही असेल तर मिसळू नका. डेनिमच्या शेजारची झिजलेली साडी पहिल्या दोन-चार धुण्यांतच शिवणीलगत फाटते.